वेगाला तारण कोणाचे?

कठोपनिषदात रथ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा यमाच्याच तोंडून येतो. मेल्यानंतर माणसाचे काय होते हा प्रश्न नचिकेता सोडत नाही म्हटल्यावर यम त्याला भुलवायला निघतो. हत्ती, घोडे, सोने, हवे तेवढे आयुष्य, रथात बसलेल्या अप्सरा, हवे ते माग म्हणतो. पोरगा ती सगळी वाहने त्याची त्याला परत करतो. पुढे शिकवण सुरू झाली की रथ पुन्हा येतो: शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. जी वस्तू नाकारली म्हणून नचिकेता शिष्य व्हायला लायक ठरला, तीच वस्तू हातात घेऊन यम त्याला संयम समजावतो. पाच-सहा लाखांच्या आत एखादी जुनी, पळणारी गाडी घ्यावी आणि ती तिच्या मर्यादेपर्यंत चालवायला शिकावे, असे वाशी-नेरुळकडच्या एखाद्या तरुणाला वाटते तेव्हा तो याच दोन रथांच्या मध्ये उभा असतो. घरातली वडीलधारी माणसे याला माज म्हणतात, मित्र पॅशन म्हणतात, आणि दोघेही त्याच्या मनातली ओढ चांगली की वाईट एवढेच तपासत बसतात. माझ्या मते हा प्रश्न तिथे सुटत नाही. वेगात जोखीम असते आणि जोखमीला तारण लागते. ते तारण कोणाचे, हे आधी विचारले पाहिजे. गाडी निवडतानाच या प्रश्नाचे निम्मे उत्तर देऊन झालेले असते, म्हणून ती निवड मला नीतीची गोष्ट वाटते.

महाराष्ट्राच्या धर्मजीवनाला वेगाचे वावडे कधीच नव्हते. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यातल्या गावयात्रांत पालखीइतकाच मान घाटात शर्यतीला धावणाऱ्या बैलगाड्याला आहे. खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारांबरोबर गाड्यांनाही झेंडूची माळ पडते, चाकाखाली लिंबू जाते, आणि एमआयडीसीतल्या शेडमध्ये लेथवरही हळदकुंकू वाहिले जाते. साधनाला देवत्व देणारी ही परंपरा, ते साधन जोरात चालले म्हणून त्याला पाप म्हणेल हे संभवत नाही. पण त्याच बैलगाड्याच्या निमित्ताने आपल्याकडे एक मोठा वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या, २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. निकाल कोणाला पटो न पटो, वादाचा गाभा बैलाला होणारी वेदना हा होता. नाद गाडामालकाचा, बारी म्हणजे एक धाव काही सेकंदांची, आणि चाबूक मात्र तिसऱ्याच्या पाठीवर. ज्याला हो-नाही म्हणता येत नाही त्याच्या अंगावर आपला वेग काढायचा का, हा प्रश्न त्या वादाने अचूक मांडला. लोखंडाला वेदना होत नाहीत म्हणून मोटार त्यातून सुटते असे वाटेल. ती सुटत नाही, कारण मोटार ज्या रस्त्यावर पळते त्याच्या कडेला माणसे असतात.

नवी मुंबईचा पाम बीच रस्ता यासाठी नीट पाहावा. वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेने जाणारा, रुंद, बराचसा सरळ, पहाटे मोकळा असा रस्ता. वेगाची हौस असणाऱ्याला तो बोलावतो यात नवल नाही. पण सारसोळेच्या कोळ्यांची जेट्टी या रस्त्याच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला आहे. गाव अलीकडे, होडी पलीकडे, आणि मधे हा रस्ता. भरती माणसाच्या सोयीने येत नाही, तेव्हा जाळे खांद्यावर घेऊन अंधारात रस्ता ओलांडणे हा तिथल्या जगण्याचा भाग आहे. आता हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी, टायर आणि ब्रेक उत्तम असतील तर, कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १८ मीटरमध्ये थांबते. ताशी १२० ला हेच अंतर ७० मीटरच्या पुढे जाते, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यात माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर पहिल्या गाडीला एकूण ३५ मीटर लागतात आणि दुसरीला शंभराहून अधिक. चालक कितीही कुशल असो, हा आकडा त्याच्या कौशल्याने फारसा हलत नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि सरकारी नोंदीप्रमाणे त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगते. शिक्षा मला तोकडी वाटते, पण कलमामागचा विचार बरोबर आहे: सार्वजनिक रस्त्यावर वेगाचे तारण नेहमी दुसऱ्याचे असते आणि त्याला कोणी विचारलेले नसते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्म सोडू नका, कर्त्याची बुद्धी पाहा, असे प्रतिपादन आहे, आणि त्याच्याच जोडीला लोकसंग्रहाची, म्हणजे समाजाच्या हिताची, अट आहे. पहिले वाक्य सोयीचे म्हणून घ्यायचे आणि दुसरे विसरायचे, असे चालत नाही.

म्हणून वेगाचा अभ्यास करायचा तो बंद जागेत, ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसच्या, म्हणजे शंकू मांडून आखलेल्या, मैदानात. तिथे गेल्यावर तारण कसे बदलते ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या कागदावर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यांत शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर कंपनी पैसे देत नाही. इंजिन बसले, गिअरबॉक्स गेला, तर तो खर्च ज्याचा त्याचा. थोडक्यात, ट्रॅकवर फक्त तीच गाडी न्यावी जी उद्या भंगारात गेली तरी घर चालेल. परवडणारी गाडी याचा खरा अर्थ मला हा वाटतो. विकत घ्यायला परवडणे सोपे आहे, बँक हप्ते बांधून देते. गमवायला परवडणे अवघड. हप्त्यांवर घेतलेली चकचकीत गाडी मर्यादेपर्यंत कोणी चालवत नाही, चालवू शकत नाही, कारण वळणावर शिरताना मन रस्त्यावर नसून कर्जावर असते. उलट ज्याने गाडी घेतानाच ती गेली असे मनाशी धरले, त्याचे लक्ष मोकळे होते. वैराग्य म्हणजे वस्तू नसणे अशी समजूत आहे. इथे वस्तू आहे, तिची काळजी रोज घेतली जाते, बोल्ट न बोल्ट ओळखीचा आहे, आणि तरी ती हातून जाऊ देण्याची तयारी आहे. जुन्या गाडीची निवड ही मला या अर्थाने साधनेची पहिली पायरी वाटते. काटकसर हा त्यातला लहान भाग झाला.

मग कोणती घ्यावी? यमाच्या रूपकात एक व्यावहारिक सल्ला दडलेला आहे. सारथी कच्चा असेल तर घोडे आवरत नाहीत. नवशिक्याने थोडे घोडे जोडावेत. आपल्याकडे खरी स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळण्याची परंपरा नाही. गोव्यात १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची गाडी बनू लागली होती, रेनॉचे ११४९ सीसीचे ६० अश्वशक्तीचे इंजिन घातलेली. धाडस मोठे होते, पण बाजाराने साथ दिली नाही आणि आज ती संग्रहात ठेवण्याची वस्तू झाली. त्यामुळे इथला शौकीन माणूस चलाख हॅचबॅक किंवा जुनी सेदान शोधतो. २००० ते २००३ मधली होंडा सिटी व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची, अजून लोकांच्या जिभेवर आहे, पण ती वीस वर्षांपुढे गेली. २००५ पासूनची स्विफ्ट, १.३ लिटर, ८७ अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आसपास. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय, २०१३ पासूनची, १०५ अश्वशक्ती. आणि रांजणगावला, महागणपतीच्या गावात, बनलेली अबार्थ पुंटो, २०१५ ची, १४५ अश्वशक्तीची, चारही चाकांना डिस्क ब्रेक. कागदावर शेवटची सगळ्यांना हरवते. तरी शिकणाऱ्याने स्विफ्टकडे वळावे असे मी म्हणेन. कारण तिची मर्यादा कमी वेगाला येते. टायर ओरडायला लागतात, पुढचे चाक बाहेर सरकते, आणि हे सारे समजण्याइतका वेळ हाताशी असतो. जोरदार गाडी नवशिक्याच्या चुका ताकदीने झाकते. सरळ रस्त्यावर मिळालेली आघाडी त्याला वळणात किती वाईट चालवले ते कळू देत नाही, आणि कळते तेव्हा वेग फार झालेला असतो. पोलोच्या ड्राय क्लच गिअरबॉक्सची दुरुस्ती महाग, पुंटोचे सुटे भाग कंपनीने ब्रँड इथे गुंडाळल्यापासून शोधत फिरावे लागतात, हेही हिशेबात धरावे. गमवायला परवडणाऱ्या गाडीत दुरुस्त करायला न परवडणारे काही असू नये.

तपासणीकडे मी थोडे थांबून पाहणार आहे, कारण सत्य या व्रताचा कस इथे लागतो, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. एजंट बोनेट उघडून चकाकते इंजिन दाखवतो. घेणाऱ्याने आधी खाली वाकून टायर पाहावा. त्याच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर कडक झालेले असते आणि कडक रबर पकडत नाही. मग पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. रोज वापरात येतो तेवढा भाग कोणीही धुऊन ठेवतो. पार आतल्या, रिळाजवळच्या पट्टीवर मातकट रेघ दिसली की गाडीत पाणी शिरले होते, मग विकणारा काहीही शपथा घेवो. आपल्या भागात दर पावसाळ्यानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. खाडीकाठची खारी हवा खालच्या पत्र्याला आणि ब्रेकच्या नळ्यांना खाते, तेव्हा गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हा किमान दर्जा १५५ वर येतो, आणि ट्रॅकवरच्या पाचव्या-सहाव्या फेरीला पायाखाली नुसता फोम दाबल्यासारखे होते. पहिला पैसा म्हणून ब्रेकला, दुसरा टायरला, तिसरा सस्पेन्शनच्या बुशांना, आणि ताकद वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी. तो करतानाही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पंधरा वर्षांपुढची गाडी असेल तर आरटीओत पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर आलाच. आरसी आपल्या नावावर होण्याआधी गाडी ट्रॅकवर नेणे म्हणजे दुसऱ्याच्या नावावर जोखीम घेणे, आणि आपला सगळा मुद्दा तेवढ्यात कोसळतो.

आता सर्वांत जुना आक्षेप. वेग ही नशा आहे, रजोगुण आहे, इंद्रियांचे चोचले आहेत, त्याला कुठलीही अट घालून साधना म्हणता येणार नाही. आक्षेप वजनदार आहे, पण तो घेणाऱ्याने स्टॉपवॉच पाहिलेले नसते. नशेत असलेला चालक हळू असतो. टायरची पकड एकच असते आणि ती ब्रेक आणि वळण यांत वाटून घ्यावी लागते. ज्याने उत्साहाच्या भरात उशिरा ब्रेक दाबला आणि त्याच दाबात स्टिअरिंग वळवले, त्याची गाडी सरळच जाते. ज्याने लवकर दाबला, सोडताना पाय हळूहळू उचलला, वजन पुढच्या चाकांवरून मागे जाऊ दिले, त्याची गाडी वळणात शांत बसते आणि बाहेर पडताना आधी पळते. हा फरक चालकाला कळत नाही, घड्याळाला कळतो. तबल्याच्या रियाजात लय वाढवण्याआधी बोल स्वच्छ करून घेतात, तसे इथे आधी हाताचे हिसके जावे लागतात. रागावलेला, दाखवू पाहणारा, मागच्या गाडीकडे बघणारा माणूस प्रत्येक फेरीला वेळ हरतो. कर्माची योग्यता त्यातल्या कौशल्यात पाहणारी गीतेची दृष्टी आणि कर्त्याचे सात्त्विक, राजस, तामस असे तिने केलेले प्रकार इथे मला अगदी उघडे दिसतात. ट्रॅक राजस कर्त्याला शिक्षा करतो, आणि तीही आकड्यांत, कुणाच्या मताची गरज न ठेवता. रस्ता नेमके उलटे करतो. तिथे घड्याळ नसते, प्रेक्षक असतात, आणि समोरून गाडी आली नाही एवढ्यावर राजस कर्ता स्वतःला निष्णात समजतो.

अपरिग्रहाचा आक्षेप मात्र मला पूर्ण परतवता येत नाही. कामाच्या पलीकडची एक गाडी बाळगणे, पेट्रोल जाळून आपण निघालो तिथेच परत येणे, वर्षाला दोन जोड टायर घासून टाकणे, हे ज्या शहरात घडते त्याच शहरात तुर्भ्याच्या झोपडपट्टीत नळाच्या पाण्याची वाट पाहिली जाते. जुनी गाडी घेतल्याने नवे पोलाद लागत नाही हे खरे, पण ते उत्तर अर्धेच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी प्रमाण हवे. रोज ऑफिसला नेणारी गाडीच महिन्या-दोन महिन्यांतून मैदानावर नेली तर संग्रह वाढत नाही. तिसरी-चौथी गाडी, नुसती झाकून ठेवलेली, हा यमाने देऊ केलेला रथ आहे आणि तो परत करणेच बरे.

यापेक्षा अवघड अडचण जागेची आहे. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे मोटारींच्या शर्यतीचा मोठा कायमस्वरूपी ट्रॅक उभा राहिला नाही. कोल्हापुरात कार्टिंग रुजले आणि ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्यासारखे चालक त्या शहराने दिले. लोणावळ्यापुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या. नाशिककडे रॅली झाल्या. पण नवी मुंबईच्या मुलाला नेहमी जाता येईल असे मैदान नाही. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे १,३०० किलोमीटरवर, कोइम्बतूरही जवळपास तितकेच लांब. मग पोरांनी करायचे काय, असा प्रश्न येतो, आणि त्यात तथ्य आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने या शहराचा सेक्टर न सेक्टर कागदावर आखला, खारघरच्या डोंगरात गोल्फचे मैदान केले. ज्या नियोजनाला गोल्फ सुचला त्याला एक-दीड किलोमीटरचा बंद ट्रॅक, रुग्णवाहिका आणि मार्शलसह, सुचायला हरकत नव्हती. पाम बीचवर कॅमेरे लावून दंड वसूल करणे आवश्यक आहेच, पण वेगाची ओढ असलेल्या हजारो तरुणांना रस्त्याखेरीज काहीच न देणारे शहर लोकसंग्रहाच्या आपल्या वाट्याला चुकते आहे, असे मला मनापासून वाटते. एवढे मान्य करूनही जागा नाही म्हणून रस्ता मोकळा होत नाही. सारसोळेच्या माणसाने ट्रॅक न बांधल्याचा दोष केलेला नाही, त्याने तो का फेडावा?

बंद ट्रॅकवर तरी तारण फक्त आपले असते का? १९५५ मध्ये ल मांच्या शर्यतीत गाडीचे तुकडे प्रेक्षकांत शिरले आणि ८० हून अधिक माणसे मेली. त्यानंतर स्वित्झर्लंडने ट्रॅकवरच्या शर्यतीच बंद केल्या आणि ती बंदी कित्येक दशके चालली. आजचे कुंपण, वाळूचे पट्टे, झेंडे दाखवणारे मार्शल हे त्या धड्यातून आले. पण आणखी एक आक्षेप आपल्या परंपरेतला आहे आणि तो मला सर्वांत खोल वाटतो. माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो, देवांचे, ऋषींचे, पितरांचे. मग जे शरीर आधीच गहाण आहे ते वेगासाठी पुन्हा तारण ठेवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? आईवडील थकलेले, मूल लहान, घराचा हप्ता चालू, अशा माणसाने माझा जीव माझा म्हणणे खोटे आहे. या आक्षेपाला उत्तर नाही, त्याच्याशी तडजोड तेवढी करता येते, आणि ती तडजोड पुन्हा गाडीच्या निवडीतच उतरते. अशा माणसाने १४५ अश्वशक्तीची पुंटो सोडून ८७ ची स्विफ्ट घ्यावी. आत संरक्षक पोलादी पिंजरा नसलेली गाडी मोठ्या ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यावर न नेता शंकू मांडलेल्या ऑटोक्रॉसच्या मैदानात चालवावी. हेल्मेट गाडीच्या रंगाच्या आधी घ्यावे. आयुर्विम्याच्या अर्जात धोकादायक छंदाचा रकाना असतो, तिथे मोटार रेसिंग असे स्वच्छ लिहावे, वाढलेला हप्ता गाडीच्या किमतीत धरावा, आणि तो कागद घरातल्यांनी वाचून हो म्हटल्यावरच बयाणा द्यावा. त्यांनी नाही म्हटले किंवा एवढ्या खर्चाला पाच लाख पुरेनात, तर ते वर्ष भाड्याच्या कार्टवर काढावे. जमिनीला चिकटलेली, दारे नसलेली ती छोटी गाडी वजन, पकड आणि ब्रेक यांचे तेच गणित शिकवते, आणि तिचे आरसी बुक कोणाच्याही नावावर करून घ्यावे लागत नाही.